भोंग्यातल्या वाघाला रानडुक्कर किती दिवस भिणार?

हरभऱ्याला घाटे लागले, ज्वारी हुरड्यात आली, की परभणी जिल्ह्यातल्या अनेक घरांतला एक माणूस रात्री घरी झोपत नाही. जिंतूरकडचा डोंगराळ भाग असो, गंगाखेडचा बालाघाट असो, की गोदावरी, पूर्णा, दुधनेच्या काठची काळी जमीन असो, जागल चुकत नाही. रानडुकरांचा कळप शिरला तर खातो थोडे आणि तुडवतो जास्त. रोही आणि हरणे कोवळे शेंडे खुडतात. पेरणीनंतर सोयाबीनचे बी उकरून नेले, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो.

गोफण, पत्र्याचा डबा आणि बॅटरी ही जागलीची जुनी हत्यारे. आता त्यांच्या जोडीला बांधावर बांबूला बांधलेला भोंगा आला आहे. अंधार पडला की त्यातून वाघ डरकाळी फोडतो, मग कुत्री भुंकतात, बंदुकीचे बार होतात, मध्येच एखादा माणूस ओरडतो. कृषी प्रदर्शनात, तालुक्याच्या दुकानात आणि मोबाइलवरच्या जाहिरातींत अशी यंत्रे भरपूर मिळतात. ‘आवाज जितका मोठा, तितके यंत्र चांगले’ असा साधा हिशेब घेणाऱ्याच्या मनात असतो. पहिले काही दिवस गुणही येतो. पुढे मात्र त्याच भोंग्याखाली डुकरे निवांत चरताना दिसतात, अशी तक्रार ठिकठिकाणी ऐकू येते.

यंत्र बिघडलेले नसते. डुक्कर शिकलेले असते.

सवय कशी होते?

एखादा आवाज पुन्हा पुन्हा यावा आणि त्यामागून काहीच घडू नये, असे झाले की मेंदू त्या आवाजाकडे दुर्लक्ष करू लागतो. प्राणिजगतातला हा सर्वांत साधा शिकण्याचा प्रकार आहे. रेल्वे रुळाजवळ राहणाऱ्या माणसाची झोप गाडीने मोडत नाही, त्यामागचे कारण हेच. दचकून पळण्यात शक्ती जाते आणि खाणे सुटते. खोट्या धोक्याला दर वेळी पळणारा प्राणी उपाशी राहील. म्हणून ‘हा आवाज पोकळ आहे’ हे ओळखणे त्याच्या फायद्याचे असते.

सवय लवकर लागण्याची तीन कारणे असतात: तोच आवाज, तीच जागा आणि तीच वेळ. दर पाच मिनिटांनी त्याच खांबावरून तीच डरकाळी आली, तर रानडुकरासारख्या हुशार जनावराला उमगायला फार रात्री लागत नाहीत. यंत्र निवडताना पहिला प्रश्न ‘आवाज किती मोठा?’ हा नसून ‘हे यंत्र किती अनपेक्षित वागते?’ हा असला पाहिजे.

कोणता आवाज परिणाम करतो?

शिकारी प्राण्याचा नुसता आवाज ऐकवून रानातले जनावर बदलते का, याचा अभ्यास जगात अनेक ठिकाणी झाला आहे. कॅनडातील संशोधकांनी तिथल्या बेटांवर रॅकून या प्राण्यांना महिनाभर कुत्र्यांचे भुंकणे ऐकवले. रॅकूनांचा किनाऱ्यावर खाण्यात जाणारा वेळ ६६ टक्क्यांनी घटला. सील आणि समुद्रसिंहांचे आवाज ऐकवले तेव्हा तसा परिणाम झाला नाही. म्हणजे नुसता गोंगाट पुरत नाही, आवाजाला अर्थ असावा लागतो.

दक्षिण भारतात पिकात शिरणाऱ्या हत्तींवर झालेला आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास शेतकऱ्यांच्या दृष्टीने आणखी उपयोगी आहे. त्यात वाघाचे गुरगुरणे, बिबट्याचे गुरगुरणे आणि माणसांचा आरडाओरडा असे तीन प्रकार वापरले गेले. वाघाच्या आवाजाने सुमारे ९० टक्के वेळा हत्ती मागे फिरले, बिबट्याच्या आवाजाने सुमारे ७३ टक्के वेळा, आणि माणसांच्या ओरडण्याने सुमारे ५७ टक्के वेळा. इथे यंत्र रात्रभर वाजत नव्हते. हत्तीने वाटेवरचा अदृश्य अवरक्त किरण तोडला, तरच आवाज येत होता. जनावराला तो आवाज आपल्या येण्याचे उत्तर वाटत होता.

दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर परिसरातल्या पाणवठ्यांवरचा २०२३ सालचा अभ्यास मात्र वेगळे सांगतो. तिथे १९ जातींच्या सस्तन प्राण्यांना सिंहाचे आवाज आणि माणसांचे साधे बोलणे ऐकवले गेले. माणसाच्या बोलण्याने प्राणी पळून जाण्याची शक्यता सिंहाच्या आवाजाच्या तुलनेत दुप्पट निघाली, आणि त्यांनी पाणवठाही ४० टक्के कमी वेळात सोडला.

दोन्ही निष्कर्षांत विरोध वाटला तरी एक धागा समान आहे. प्राण्याने ज्याच्याकडून धोका अनुभवला आहे, त्याच्या आवाजाला तो अधिक घाबरतो. परभणीच्या रानात आज वाघांची वस्ती नाही. इथल्या डुकराला खरी भीती माणसाची आणि कुत्र्यांची. त्यामुळे विकतच्या डरकाळीपेक्षा आपल्याच आखाड्यावरच्या कुत्र्यांचे भुंकणे आणि चार माणसांचे बोलत येणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून वापरणे अधिक शहाणपणाचे ठरू शकते. म्हणून स्वतःचे आवाज भरता येतील असे, मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह चालणारे यंत्र घ्यावे.

डेसिबलचा हिशेब

खोक्यावर ‘११० डेसिबल’ असे छापलेले असते, पण हे माप बहुतेक वेळा भोंग्यापासून एक मीटरवरचे असते. मोकळ्यावर अंतर दुप्पट झाले की आवाज ६ डेसिबलने उतरतो. त्या हिशेबाने ११० डेसिबलचा आवाज १०० मीटरवर ७० आणि २०० मीटरवर ६४ डेसिबल उरतो. उभ्या पिकात तो आणखी विरतो. वाऱ्याच्या उलट दिशेला तर फारच कमी पोचतो. म्हणून भोंगा पिकाच्या शेंड्यांपेक्षा उंच असावा, आणि मोठ्या रानात एकच दणदणीत भोंगा लावण्यापेक्षा दोन-तीन लहान भोंगे वेगवेगळ्या कोपऱ्यांत, आलटून-पालटून वाजणारे, लावणे बरे.

डरकाळीचा जोर तिच्या खर्जात असतो. स्वस्त, लहान भोंग्यातून खर्ज निघत नाही. चिरका, पत्र्यासारखा आवाज येतो. दुकानात यंत्र वाजवून घ्यावे आणि पन्नास पावले दूर उभे राहून ऐकावे.

‘माणसाला ऐकू न येणारा, फक्त प्राण्यांना ऐकू येणारा’ आवाज काढणाऱ्या यंत्रांच्या बाबतीत विशेष सावध राहावे. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. डुकराला सुमारे ४० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येते, हे खरे आहे. पण इतके उंच आवाज हवेतच झपाट्याने शोषले जातात. अंतरामुळे होणारी घट होतेच, शिवाय २० किलोहर्ट्झच्या आवाजात हवा दर मीटरला अंदाजे अर्ध्या डेसिबलची भर घालते. म्हणजे १०० मीटरवर आणखी ५० डेसिबल गेले. घराच्या खोलीत यंत्र चालल्यासारखे वाटेल, पण चार एकरांच्या शेतात त्याचा पल्ला उरत नाही. बहुतेक पक्ष्यांना तर हे आवाज ऐकूच येत नाहीत.

सेन्सर आणि बॅटरी

चाहूल लागली की वाजणारे सेन्सरचे यंत्र सवयीच्या दृष्टीने उत्तम. मात्र अंगाच्या उष्णतेवर चालणाऱ्या साध्या सेन्सरचा पल्ला साधारण दहा मीटरच असतो. तो शेताच्या मधोमध लावून उपयोग नाही. डुकरे जिथून शिरतात त्या वाटेवर, ओढ्याच्या कडेला किंवा उसाच्या फडाच्या तोंडाशी लावावा. सेन्सर परवडत नसेल, तर निदान आवाज आणि मधला खंड दोन्ही स्वतःहून बदलणारे यंत्र घ्यावे.

बॅटरीचे गणितही खंडाशीच जोडलेले आहे. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत ८४ वॅट-तास वीज मावते. २० वॅटचा भोंगा सलग वाजवला, तर ती चार तासांत संपेल. तोच भोंगा दहा मिनिटांतून सरासरी अर्धा मिनिट वाजला, तर निम्मी बॅटरी राखूनही तीन रात्री निघतील. जे बॅटरी वाचवते, तेच सवयही लांबवते.

माणसाच्या कानांचे काय?

कान दिवसात आठ तास सोसू शकतील अशी मर्यादा ८५ डेसिबल मानली जाते. आवाज ३ डेसिबलने वाढला की सुरक्षित वेळ निम्मी होते. ११० डेसिबलला ती दोन मिनिटेही उरत नाही. भोंग्याशेजारी खाट टाकून झोपणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. यंत्र सुरू करताना तोंडाशी उभे राहू नये आणि मुलांना तिथे खेळू देऊ नये.

शेजाऱ्यांचाही विचार हवा. ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ पर्यंतची मर्यादा ४५ डेसिबल आहे. नुसत्या अंतराचा हिशेब धरला, तर ११० डेसिबलचा भोंगा अर्ध्या किलोमीटरवर ५६ डेसिबल ऐकू येतो. शिवाय रात्री जमिनीलगतची हवा थंड असल्याने आवाज लांबवर जातो. भोंग्याचे तोंड वस्तीकडे किंवा आखाड्याकडे नसावे. आजूबाजूच्या शेतकऱ्यांना आधी सांगून ठेवावे, नाहीतर मध्यरात्रीच्या गुरगुरण्याने ‘बिबट्या आला’ अशी आवई उठायला वेळ लागत नाही.

याउलट, नीट लावलेले यंत्र माणसाच्या आरोग्याला मदतही करते. महिनाभर रोज रात्री जागल केल्याने रक्तदाब आणि साखर बिघडते, दिवसा फवारणी करताना किंवा ट्रॅक्टर चालवताना डुलकी लागण्याचा धोका वाढतो, अंधारात साप-विंचवाची भीती असतेच. तारेत थेट वीज सोडण्याचा जीवघेणा मार्ग तर कोणीच धरू नये. तो गुन्हा आहे, आणि त्यात माणसेही मेली आहेत.

बोलावण्याचा आवाज नको

अशाच यंत्रांचा उलटा वापर अमेरिकेत होतो. तिथे सशाच्या पिल्लाचा केविलवाणा आवाज वाजवून कोल्ह्यासारख्या कायोट या प्राण्याला बंदुकीच्या टप्प्यात आणले जाते. असे आवाज भरलेली यंत्रे आणि फाइली इंटरनेटवर सहज मिळतात. आपल्या शेतात त्या वाजवणे दोन कारणांनी चुकीचे आहे. जखमी जनावराच्या किंवा पिल्लाच्या ओरडण्याने कोल्हा, लांडगा, मोकाट कुत्री आखाड्यावरच्या शेळ्यांपर्यंत ओढली जाऊ शकतात. दुसरे कारण कायद्याचे. परभणीत कृषी विद्यापीठ उभे राहिले त्याच वर्षी, १९७२ मध्ये, वन्यजीव संरक्षण कायदा आला. ठार मारणे, फासे किंवा सापळे लावणे, विष घालणे, आमिष दाखवणे आणि यातला प्रयत्नसुद्धा त्यात शिकार ठरतो. पिकावरून जनावर हुसकावणे वेगळे आणि मारण्यासाठी बोलावणे वेगळे. काळवीट आणि लांडगा तर पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन वर्षांची कैद आहे.

किती दिवस चालेल?

कोणतेही यंत्र वर्षभर राखण करणार नाही. ते दिवस मिळवून देते, आणि ते दिवस जपून खर्च करावे लागतात. पेरणीनंतर बी उगवेपर्यंतचा आठवडा, हुरड्याचा काळ, घाटे भरण्याचा काळ, एवढ्यापुरतेच ते लावावे. एरवी काढून घरी ठेवावे. दर दोन-तीन रात्रींनी जागा आणि आवाज बदलावा. आठवड्यातून एक-दोनदा भोंगा वाजताच खरोखर बॅटरी आणि कुत्रे घेऊन शेतात फेरी मारावी. आवाजामागे खरा माणूस आहे हे डुकराला पुन्हा पटले, की भोंग्याचा धाक आणखी काही दिवस टिकतो. शेजारच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून हे केले तर उत्तम. नाहीतर एकाच्या शेतातले डुक्कर दुसऱ्याच्या शेतात जाईल, एवढेच.

एवढे करूनही नुकसान झालेच, तर पिकाचे फोटो काढून लगेच वनविभागाकडे अर्ज करावा आणि पंचनामा होईपर्यंत शेत आहे तसेच ठेवावे.

दुकानात उभे राहिल्यावर मग चारच गोष्टी विचाराव्यात. आवाज आणि खंड आपोआप बदलतात का? आपले आवाज भरता येतात का? सेन्सर जोडता येतो का? आणि पन्नास पावलांवरून डरकाळी डरकाळीसारखी वाटते का? डेसिबलचा आकडा त्यानंतर पाहिला तरी चालेल.