घड्याळ तेच, भट्टीही तीच

विसाव्या शतकाच्या आरंभी भूवैज्ञानिकांकडे क्रम होता, काळ नव्हता. कोणता थर आधी साचला, कोणता त्याच्यावर चढला, शिलारस कुठल्या खडकाला छेदून वर आला, हे ते थरांच्या मांडणीवरून आणि जीवाश्मांवरून सांगू शकत. पण ‘किती वर्षांपूर्वी?’ असं विचारलं की उत्तरासाठी भौतिकशास्त्राच्या दारात जावं लागे, आणि तिथे लॉर्ड केल्विन बसलेले असत. तप्त गोळा निवायला किती काळ लागेल याचं गणित मांडून त्यांनी १८९७ साली पृथ्वीच्या पदरात दोन ते चार कोटी वर्षं टाकली होती. एवढ्याशा मुदतीत आल्प्स आणि हिमालय उभे राहायचे, त्यांच्या आधीच्या पर्वतरांगा झिजून सपाट व्हायच्या आणि त्यांचा गाळ साचून पुन्हा खडक व्हायचा, हे सारं बसवायचं कसं?

ही कोंडी फोडणाऱ्यांत आर्थर होम्स (१८९०–१९६५) अग्रभागी होते. खंडं सरकतात म्हटलं की आल्फ्रेड वेगेनर आठवतात. होम्स यांचं नाव भूशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच निघतं. अर्ध्या शतकाहून अधिक चाललेल्या त्यांच्या संशोधनामागे मात्र एकच साधी गोष्ट होती. खडकातलं युरेनियम विघटन पावताना काळ मोजतं आणि उष्णताही सोडतं. पहिल्या गुणामुळे पर्वताचं वय कळतं, दुसऱ्यामुळे पर्वत मुळात का घडतो याचा माग लागतो.

नॉर्वेचा दगड, मोझांबिकचा ताप

इंग्लंडच्या उत्तरेकडच्या गेट्सहेड या गावातला हा मुलगा लंडनला गेला तो भौतिकशास्त्र शिकायला, वळला भूशास्त्राकडे. त्याचे शिक्षक रॉबर्ट स्ट्रट किरणोत्सर्गावर काम करत होते. युरेनियमच्या विघटनाची साखळी शेवटी शिशापाशी थांबते, हे १९०७ मध्ये अमेरिकेतल्या बर्ट्राम बोल्टवूड यांनी मांडलं होतं. त्यातून कालमापनाची वाट निघाली. शिलारस गोठताना काही खनिजं आपल्या स्फटिकात युरेनियम सामावून घेतात. त्यानंतर ते ठरलेल्या गतीने शिशात बदलत राहतं. भोवतालचं तापमान आणि दाब यांचा त्या गतीवर परिणाम होत नाही. युरेनियम-२३८ निम्मं उरायला सुमारे ४४७ कोटी वर्षं लागतात. म्हणजे खनिजात युरेनियम किती उरलं आणि शिसं किती साठलं हे मोजता आलं, की शिलारस केव्हा गोठला ते कळतं.

सांगायला हे सोपं आहे. होम्स यांच्या काळी मात्र खनिज कुटायचं, वितळवायचं, आम्लात विरघळवायचं आणि त्यातून शिशाचा नाममात्र अंश वेगळा काढायचा असा तो उद्योग होता. त्यांनी नॉर्वेतला एक अग्निजन्य खडक निवडला. तो डेव्होनियन कल्पातला आहे असं तेव्हा मानलं जाई. १९११ मध्ये प्रसिद्ध झालेलं उत्तर होतं ३७ कोटी वर्षं. केल्विन यांनी अख्ख्या पृथ्वीला दिलेल्या आयुष्याच्या नऊपटीहून अधिक वय एका दगडाचं निघालं होतं. होम्स तेव्हा एकवीस वर्षांचे होते.

शोधनिबंधाने पोट भरत नव्हतं, म्हणून त्याच वर्षी ते खनिजांच्या शोधात मोझांबिकला गेले. तिथे हिवतापाने त्यांना असं गाठलं की ते वारल्याची तार इंग्लंडला गेली. ते वाचले, परतले आणि १९१३ मध्ये ‘द एज ऑफ द अर्थ’ हे पुस्तक लिहून मोकळे झाले. त्यात सर्वांत जुन्या खडकांचं वय त्यांनी १६० कोटी वर्षं दिलं होतं. ज्येष्ठ भूवैज्ञानिकांना हा आकडा पचेना. काल-परवापर्यंत चार कोटी वर्षं कमी पडतात म्हणून तक्रार करणाऱ्यांना आता एवढ्या काळाचं करायचं काय हे कळेना!

उष्णतेचा हिशेब

केल्विन यांचं गणित चुकलं नव्हतं; गृहीतक चुकलं होतं. पृथ्वी जन्मतःची उष्णता घेऊन नुसती निवत जाते आणि तिच्या पोटातला घन खडक हालत नाही, असं त्यांनी धरलं होतं. किरणोत्सारी मूलद्रव्यं उष्णता देतात हे पिएर क्यूरी आणि अल्बेर लाबोर्द यांनी १९०३ मध्ये दाखवलं. पुढे स्ट्रट यांना ग्रॅनाइटमध्ये बेसाल्टपेक्षा किरणोत्सर्ग जास्त आढळला. होम्स यांनी हा जमाखर्च मांडायला घेतला तेव्हा पेच उलटा झाला. आता उष्णता कमी पडत नव्हती, उरत होती. खोलवरच्या खडकांत किरणोत्सारी द्रव्यांचा अल्पसा अंश धरला, तरी एवढी उष्णता नुसत्या वहनाने बाहेर पडणं शक्य नव्हतं. ती जाते कुठे?

या प्रश्नावर सलग काम करण्याची चैन त्यांना लाभली नाही. १९२० मध्ये ते एका तेल कंपनीचे भूवैज्ञानिक म्हणून ब्रह्मदेशात गेले. तो तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. कंपनी बुडाली आणि लहानगा मुलगा तिथेच आमांशाने दगावला. मायदेशी ते रिकाम्या हाताने परतले. १९२४ मध्ये डरॅम विद्यापीठात नवा भूशास्त्र विभाग उभारण्याचं काम मिळालं, तेव्हा कुठे घडी बसली.

दरम्यान वेगेनर यांच्या खंडवहनाच्या कल्पनेवर टीकेची झोड उठली होती. किनारे जुळतात, जीवाश्म जुळतात, हे मान्य. पण खंडांना ढकलणारी शक्ती कोणती, यावर वेगेनर यांच्याकडे पटण्याजोगं उत्तर नव्हतं. होम्स यांच्याकडे नेमकी शिल्लक उष्णता पडून होती. १९२८ च्या जानेवारीत ग्लासगोच्या भूशास्त्र मंडळापुढे त्यांनी दोन्ही टोकं जोडली. कवचाखालच्या प्रावरणाचा खडक घन असला, तरी प्रदीर्घ काळात आणि प्रचंड तापमानात तो अतिशय सावकाश वाहतो. तापलेला भाग वर येतो, आडवा पसरतो, निवल्यावर खाली जातो. वर येणारा प्रवाह खंडाखाली दुभंगला तर खंड ताणलं जातं आणि मधे समुद्र उघडतो. प्रवाह जिथे खाली वळतो तिथे खंडाची कड चेपली जाते, थरांना वळ्या पडतात आणि पर्वत उभा राहतो. खाली ओढला गेलेला बेसाल्ट दाबामुळे एक्लोगाइट या अधिक घन खडकात बदलतो आणि स्वतःच्या भाराने आणखी बुडतो, हेही होम्स यांनी सांगून ठेवलं होतं. भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाह्य थराचा सरकता तुकडा, बुडताना आपल्यामागे उरलेल्या भागाला ओढतो, या आजच्या मताच्या ते किती जवळ पोचले होते ते इथे दिसतं.

हे व्याख्यान १९३१ मध्ये छापून आलं. १९४४ च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ फिजिकल जिऑलॉजी’ या पाठ्यपुस्तकातही त्यांनी या प्रवाहांची आकृती दिली. मात्र पुरावा मिळेपर्यंत ही अटकळच समजावी, अशी ताकीदही सोबत जोडली. पुरावा समुद्रतळावरून यायचा होता. १९६२ मध्ये हॅरी हेस यांनी सागरी पर्वतरांगांपाशी नवं कवच जन्मतं असं मांडलं. होम्स यांनी कवचाचा जन्म रुंद पट्ट्यात विखुरला होता, हेस यांनी तो एका रेषेवर आणला.

झिजलेल्या पर्वतांची मुळं

पर्वत कितीही उंच असला, तरी ऊन-पाऊस त्याला पुरून उरतात. शिखरं जातात, मुळं राहतात: दाबाखाली पट्टे उमटलेले नाइस, सुभाजा खडक, त्यांत शिरून गोठलेला ग्रॅनाइट आणि शेवटच्या शिलारसापासून झालेलं भरड स्फटिकांचं पेग्मटाइट. या पेग्मटाइटांत युरेनिनाइट, मोनाझाइट अशी कालमापनाला सोयीची खनिजं सापडतात. समान वयाची ठिकाणं नकाशावर जोडत गेलं, की नाहीशा झालेल्या पर्वतरांगेची रेषा उमटते. हे काम होम्स यांनी उतारवयात हाती घेतलं. तरुणपणी जिथे तापाने फणफणले होते त्याच प्रदेशाच्या नावाने त्यांनी १९५१ मध्ये पूर्व आफ्रिकेतला ‘मोझांबिक पट्टा’ वेगळा काढला. गोंडवन या प्राचीन महाखंडाचे तुकडे एकमेकांना भिडले त्या टकरीची ही खूण असल्याचं आज मानलं जातं. तिचे सगेसोयरे मादागास्कर, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतही आहेत.

भारतही त्यांच्या नकाशात होता. बिहारमधल्या तेव्हाच्या गया जिल्ह्यातल्या सिंगार इथल्या युरेनिनाइटचं वय १९५० मध्ये त्यांनी आल्फ्रेड नीर आदींच्या साथीने सुमारे ९५ कोटी वर्षं असं काढलं आणि त्याची सांगड सातपुडा पर्वतनिर्मितीशी घातली. इथे महाराष्ट्राचा संबंध येतो. नागपूर-भंडाऱ्यापासून बालाघाटपर्यंत पसरलेले सौसर गटाचे खडक याच प्राचीन पट्ट्यातले. मनसर, कांद्री, डोंगरी बुजुर्ग इथलं मँगनीज एका जुन्या समुद्राच्या गाळातलं. तो गाळ खोल गेला, भाजला, त्याला वळ्या पडल्या. उलट ज्याला आपण पहाड म्हणून ओळखतो त्या सह्याद्रीत असं काही घडलेलं नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे लाव्हाचे थर तिथे जवळजवळ आडवे पडून आहेत आणि कडे झाले ते उचल, भेगा आणि झीज यांमुळे. वळ्या पडून झालेल्या पर्वताची महाराष्ट्रातली ठळक साक्ष हवी असेल, तर कळसूबाई सोडून भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात उतरावं लागतं.

होम्स यांचं सगळंच टिकलं नाही. त्यांच्या दुसऱ्या पत्नी डोरिस रेनॉल्ड्स याही नामवंत भूवैज्ञानिक. ग्रॅनाइट वितळलेल्या रसापासून न होता घन खडकाच्या जागच्या जागी बदलातून होतो, या मताच्या त्या खंद्या पुरस्कर्त्या होत्या आणि होम्सही त्या बाजूला झुकले. पुढच्या प्रयोगांनी कौल मुख्यतः शिलारसाच्या बाजूने दिला. पृथ्वीच्या वयाबाबत मात्र होम्स आकड्याला कधी चिकटून बसले नाहीत. नीर यांनी मोजलेल्या शिशाच्या समस्थानिकांवरून १९४६ मध्ये त्यांनी ३०० कोटी वर्षं काढली, वर्षभरात ती ३३५ वर नेली. क्लेअर पॅटरसन यांनी उल्कापाषाणावरून ४५५ कोटींचा आकडा १९५६ मध्ये छापला, तेव्हा होम्सही साडेचारशे कोटींच्या घरात आले.

आज घड्याळ झिर्कॉन या खनिजाच्या वाळूएवढ्या कणावर लावता येतं. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्सचे काही कण जवळपास ४४० कोटी वर्षांचे आहेत. भट्टीचीही मोजदाद झाली आहे. पृथ्वीतून सुमारे ४७ टेरावॉट उष्णता बाहेर पडते आणि खडकांतून निघणाऱ्या न्यूट्रिनोंवरून पाहता तिच्यातली जवळपास निम्मी किरणोत्सर्गाची आहे. मात्र भूपट्ट पहिल्यांदा केव्हा सरकू लागले, यावर भूवैज्ञानिकांचं एकमत नाही. कुणी ४०० कोटी वर्षं म्हणतं, कुणी १०० कोटींच्या आत येतं. आरंभी किरणोत्सारी द्रव्यं अधिक होती आणि भट्टी प्रखर होती. त्या उष्णतेत कवच तुकड्यांनी बुडण्याइतकं ताठ होतं का, हा वादाचा मुद्दा आहे. त्याचा निकाल प्राचीन शिलारसाच्या रसायनावरून आणि वयावरूनच लागेल. म्हणजे घड्याळ आणि भट्टी यांची सांगड पुन्हा एकदा घालावी लागेल.