जुन्या मोटारगाडीची दारे : फटींचे निदान व दुरुस्ती

जुन्या मोटारगाडीविषयीची नित्याची तक्रार ‘दार लागत नाही’ ह्या तीन शब्दांत सांगितली जाते. ‘लागणे’ ह्या क्रियापदाचा मराठीतील अर्थविस्तार लक्षात घेता, निदानाच्या दृष्टीने हे वाक्य फारसे उपयोगाचे नाही. दार लागते म्हणजे बंद होते, आणि दार लागते म्हणजे चौकटीला घासते. कित्येकदा तर दार लागत नाही ते कोठेतरी लागते म्हणूनच. घरचे दार पावसाळ्यात फुगले तर सुतार त्यावर रंधा फिरवून मोकळा होतो. पत्र्याच्या बाबतीत ही सोय नसल्यामुळे दार कोठे लागते आणि का लागते, हे दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. दुरुस्ती फसते ती बहुधा पहिल्याचे उत्तर हेच दुसऱ्याचे उत्तर मानल्यामुळे.

उदाहरणादाखल फियाट ११०० ही गाडी घेणे सोयीचे आहे. मुंबईतील कुर्ला येथील प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून ती १९५० नंतरच्या दशकात बाहेर पडू लागली. १९६४ मध्ये तिचे ‘डिलाइट’ हे रूप आले आणि तेच पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ ह्या नावाने सर्वपरिचित झाले. टॅक्सी म्हणून तिची मुंबईतील कारकीर्द ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. आज उरलेल्या गाड्या बव्हंशी हौशी मालकांनी जपलेल्या आहेत, आणि त्यांपैकी एखादी नव्याने रंगवून घेताना दारांचा प्रश्न हटकून पुढे येतो.

ह्या गाडीला वेगळा सांगाडा नाही. तळ, दारांखालचे उंबरठे, खांब आणि छत मिळून पत्र्याची एकच पेटी होते आणि सारा भार तीच पेलते. साहजिकच दाराभोवतीची फट ही केवळ शोभेची बाब राहत नाही. पेटीचा आकार टिकला आहे की नाही हे तिच्यावरून कळते. काचेवरून ओघळणारे पाणी दाराच्या पोटात उतरते व तळाच्या छिद्रांवाटे बाहेर पडते. ही छिद्रे मातीने बुजली की दाराचा तळ कुजतो. त्याच प्रकारे चिखल व ओल साचून उंबरठाही आतून कुजतो, आणि वरून रंग मात्र शाबूत दिसतो. उंबरठा दुबळा झाला की गाडी मध्यभागी किंचित खचते. मग दोन खांब वरच्या अंगास एकमेकांकडे झुकतात, वरची फट आवळते व खालची फाकते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या दमट हवेत वाढलेल्या गाडीविषयी हा संशय प्रथम घ्यावा.

त्याची परीक्षा अवघड नाही. गाडी सपाट जमिनीवर चारही चाकांवर उभी करून फटी मोजाव्यात. ४, ५ व ६ मिलिमीटर जाडीच्या ड्रिलच्या काड्या ह्या कामी उत्तम मोजपट्टी ठरतात. नंतर एका बाजूस जॅक लावून तीच मापे पुन्हा घ्यावीत. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल, तर दोष दारात नसून पेटीत आहे. गवंडी चौकट गुण्यात आहे की नाही हे दोन कर्ण मोजून ठरवतो. मोटारीच्या दाराची चौकट काटकोनी नसते. म्हणून तेथे डाव्या बाजूचे कर्ण उजव्या बाजूच्या कर्णांशी ताडून पाहावे लागतात. उंबरठा बदलावयाचा झाल्यास तो कापण्यापूर्वी चौकटीत लोखंडी आडवे दांडे वेल्ड करून तिचा आकार बांधून घेणे अवश्य आहे. हे न करता कापलेली गाडी ज्या आकारात बसेल त्याच आकारात नवा उंबरठा जोडला जातो, आणि मग कोणतीही बिजागरी तिला सरळ करू शकत नाही.

पेटी सुस्थितीत असेल तरच बिजागरीकडे वळावे. दार अर्धे उघडून त्याची मोकळी कड हाताने उचलून पाहावी. खांब स्थिर असताना दार उचलले गेले, तर बिजागरीची पिन किंवा बुश झिजलेले आहे. बिजागरीच खांबाच्या पत्र्यासकट हलली, तर पत्रा फाटला आहे किंवा कुजला आहे, आणि नवी पिन घालणे व्यर्थ आहे. झीज अल्प असली तरी तिचा परिणाम अल्प नसतो. दोन बिजागऱ्यांत ४० सेंटिमीटर अंतर आणि दाराची लांबी १०० सेंटिमीटर धरल्यास, वरच्या बिजागरीतील १ मिलिमीटर ढिलाईने मोकळी कड २.५ मिलिमीटर खाली येते. हाच हिशेब उलट्या दिशेने उपयोगी पडतो. बिजागरी खांबाच्या दाराकडील अंगास स्क्रूंनी बसवलेली असेल, तर खालच्या बिजागरीमागे १ मिलिमीटरचे पॅकिंग घातल्याने मोकळी कड तितकीच वर उचलली जाते. एका वेळी एकच बिजागरी सैल करावी. दोन्ही सोडल्या की पूर्वीची खूण हरवते.

येथे एक विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. १९५० नंतरच्या दशकातील फियाट ११०० मध्ये पुढच्या व मागच्या दोन्ही दारांच्या बिजागऱ्या मधल्या खांबावर होत्या. त्या गाडीत पुढचे दार लटकते ते पुढच्या कडेस, आणि मधल्या खांबावर दोन दारांचा भार पडतो. नंतरच्या गाड्यांवर हात बसलेला कारागीर सवयीने पुढच्या खांबापाशी दोष शोधू लागला, तर त्याचा दिवस फुकट जातो.

सर्वांत दुरुपयोग होतो तो खांबावरच्या त्या तुकड्याचा, ज्यात दाराचे लॉक अडकते. घरच्या दाराच्या भाषेत त्याला कोयंडा म्हणता येईल. लटकलेले दार त्या कोयंड्यावर चढवून बंद करणे ही झटपट ‘दुरुस्ती’ होय. बंद असताना फट सरळ दिसते. परंतु प्रत्येक वेळी दार कोयंड्यावर आदळून वर उचलले जाते, लॉक झिजते आणि बिजागरीही अधिक ढिली होते. गाडी आदळली असता दार बंद राहणे ह्याच दोन तुकड्यांच्या पकडीवर अवलंबून आहे, हे विसरून चालत नाही. म्हणून कोयंड्याची जागा आखून तो काढून टाकावा, दार हलकेच लोटावे आणि ते स्वतःच्या बळावर कोठे येते ते पाहावे. कोयंडा परत बसवावयाचा तो सर्वांत शेवटी, दार जेथे येते तेथे.

कामाचा क्रमही ह्याच न्यायाने ठरतो. जे हलत नाही त्यापासून आरंभ करावा. मागच्या चाकावरचा पत्रा वेल्ड केलेला असतो. मागचे दार त्याला जुळवावे, पुढचे दार मागच्या दाराला, मग बोल्टांनी जोडलेले असल्यास मडगार्ड आणि अखेर बॉनेट. उलट क्रमाने केलेल्या कामात साऱ्या चुका गोळा होऊन मागच्या फटीत येऊन बसतात. नवे रबर हा आणखी एक चकवा. ते जाड व ताठ असल्यामुळे दार बाहेर ढकलले जाते आणि दोष बिजागरीच्या माथी येतो. रबर काढून जुळणी करावी, नंतर ते बसवावे.

फट किती असावी? जुन्या गाडीत ती अरुंद असण्यापेक्षा सारखी असणे महत्त्वाचे. सर्वत्र ५ मिलिमीटरची फट खटकत नाही. एका टोकास ३ आणि दुसऱ्या टोकास ६ असल्यास गाडी वाकडी वाटते. कडेचा पत्राच कमी पडत असेल, तर तेथे वेल्डिंगचा थर चढवून कानशीने घासावा. पुट्टीने कड वाढवण्याचा मार्ग स्वस्त आहे खरा, पण दार आपटण्याच्या धक्क्याने कडेची पुट्टी तडकते, आणि तिच्याखाली गंज वाढत राहतो. गाडी विकावयाची असेल तेव्हाच हा मार्ग लोकप्रिय का असतो, हे सांगावयास नको.

रंग देण्यापूर्वी गाडी काही दिवस खडबडीत रस्त्यावर चालवावी, आणि त्याच ड्रिलच्या काड्यांनी फटी पुन्हा मोजाव्यात.