चिलिकाचे मुद्दल

पावसाळा ओसरला की ओडिशातील चिलिका सरोवराचा ताळेबंद बदलतो. दया, भार्गवी या नद्यांनी आणलेले गढूळ गोडे पाणी निवळते आणि समुद्राचे खारे पाणी मुखातून आत सरकू लागते. याच सुमारास ‘खइंगा’, म्हणजेच आपल्याकडील बोय, अंडी घालण्यासाठी समुद्राकडे निघते. कोळ्यांची जाळीही त्याच वाटेवर असतात.

बाजार मात्र कार्तिकात मंदावतो. अनेक ओडिया कुटुंबे या महिन्यात मासे वर्ज्य करतात; पौर्णिमेनंतर ‘छाडखाई’ला मागणी पुन्हा उसळते. तोवर जाळी, नाव, बर्फ यांचा खर्च थांबत नाही. व्यापाऱ्याची उचल घ्यावी, तर मासळीचा भाव तोच ठरवतो. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात मच्छीमारांना खुल्या झालेल्या किसान क्रेडिट कार्डाचे मोल अशा वेळी उमगते.

गाळाने मुख आक्रसल्यामुळे येथील मासळी रोडावली होती. सप्टेंबर २००० मध्ये नवे मुख खोदले गेले आणि ती परतली. पाण्याची वाट मोकळी झाली. माशाची वाट मोकळी ठेवणे माणसाच्या हाती आहे. समुद्राकडे निघालेली गाभोळीची बोय हे सरोवराचे मुद्दल होय. व्याजावर भागवणाऱ्याचेच घर पुढच्या शरदातही भरलेले राहते.