जपानची पहिली सफर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जपानला पहिल्यांदा निघणाऱ्याला धास्ती असते ती भाषेची. अडचण मात्र बहुधा कागदपत्रे, जेवण आणि औषधे यांत येते. बालाघाट–गोंदिया मार्गावरच्या राजेगावसारख्या सीमेवरच्या गावात पासपोर्टपासूनच गैरसमज सुरू होतात.

गैरसमज : गाव मध्य प्रदेशात, म्हणून पासपोर्टसाठी भोपाळच्याच कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो.
वस्तुस्थिती : जून 2018 पासून देशातल्या कोणत्याही पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करता येतो. त्यामुळे राजेगावकराला गोंदियामार्गे नागपूर गाठणे सोयीचे. पोलीस पडताळणी मात्र अर्जात दिलेल्या पत्त्यावरच होते.

गैरसमज : व्हिसा जपानच्या विमानतळावर उतरल्यावर मिळतो.
वस्तुस्थिती : भारतीय पर्यटकाला तो निघण्यापूर्वीच काढावा लागतो. 1 एप्रिल 2024 पासून 90 दिवसांपर्यंतच्या, एकदाच प्रवेश देणाऱ्या पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो. तो विमानतळावर इंटरनेट सुरू ठेवून मोबाइलवर दाखवायचा असतो. स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही.

गैरसमज : जपानी येत नसेल तर फिरणे अशक्य.
वस्तुस्थिती : मोठ्या शहरांत स्थानकांची नावे रोमन लिपीतही लिहिलेली असतात, शिवाय स्थानकांना क्रमांक असतात. टोकियोच्या गिन्झा मार्गावरचे शिबुया म्हणजे ‘जी 01’. नाव वाचता आले नाही तरी क्रमांकावरून उतरता येते.

गैरसमज : ताटात मांस-मासे दिसत नाहीत, म्हणजे जेवण शाकाहारी.
वस्तुस्थिती : मिसो सूप, नूडल्सचा रस्सा, शिजवलेल्या भाज्या यांत बहुधा ‘दाशी’ असते. ती अनेकदा सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. शाकाहारींसाठी बौद्ध मठांतले ‘शोजिन ऱ्योरी’ हे जेवण सोयीचे. वाकायामा प्रांतातल्या कोयासान येथील मठांत मुक्कामासह ते मिळते.

गैरसमज : सर्दीची रोजची गोळी कुठेही नेता येते.
वस्तुस्थिती : स्यूडोएफेड्रीनचे प्रमाण 10 टक्क्यांहून अधिक असलेली औषधे जपानमध्ये नेण्यास बंदी आहे. गोळीच्या पाकिटावरचे घटक आधीच वाचावेत आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी.

गैरसमज : आपला चार्जर तिथे चालत नाही.
वस्तुस्थिती : तिथली वीज 100 व्होल्टची असते. ‘100–240 व्होल्ट’ असे छापलेला चार्जर चालतो. फक्त दोन चपट्या पिनांचा अडॅप्टर लागतो. मिक्सर, इस्त्री घरीच ठेवावी.

गैरसमज : पासपोर्ट हॉटेलात ठेवून झेरॉक्स घेऊन फिरले तरी भागते.
वस्तुस्थिती : परदेशी पर्यटकाने मूळ पासपोर्ट सतत जवळ बाळगणे जपानमध्ये कायद्याने बंधनकारक आहे.