यात माझी पोरं कुठं आहेत?

आपल्या पोषण प्रकल्पाच्या नोंदी संगणकावर सांभाळण्याचे काम माझ्याकडे आहे. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरील मुलांच्या वजन-उंचीचे आकडे एका ठिकाणी दाखवणारा डॅशबोर्ड मी केला, तेव्हा कार्यालयात तो सर्वांना आवडला. रंगीत नकाशा, सरासरीचे आलेख, वर टक्केवारी. एका सेविकाताईंना मात्र तो मोबाईलवर दाखवला, तर बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, "दादा, यात माझी पोरं कुठं आहेत?"

खरेच नव्हती. त्यांच्या पाड्याची सरासरी चांगली, म्हणून नकाशावर पाडा हिरवा. त्या हिरव्या रंगाखाली दीड वर्षाची एक मुलगी होती. फीत लावून मोजलेला तिच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी होता, म्हणजे तीव्र कुपोषण. ताईंनी नोंद वेळेवर केली होती. आकडा माझ्या संगणकात पडून होता आणि माझा डॅशबोर्ड तो कोणालाच दाखवत नव्हता. ताई स्वतःच तिला रुग्णालयात घेऊन गेल्या, म्हणून निभावले.

त्यानंतर नोंदी त्याच ठेवून ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे मांडणी वेगळी केली. सेविकाताईंच्या मोबाईलवर उघडताच नावे येतात: आज कोणाकडे जायचे, कोणाचे वजन राहिले. पाड्यावर रेंज नसते, म्हणून यादी सकाळीच फोनमध्ये साठवली जाते. रंगाशेजारी आता शब्दही असतो. काहींना लाल आणि हिरवा जन्मतःच नीट वेगळे ओळखता येत नाहीत, आणि आमचे एक पर्यवेक्षक त्यातलेच निघाले! डॉक्टरांना यादीपेक्षा एकेका मुलाच्या वाढीचा आलेख हवा असतो. मूल हिरव्या पट्ट्यात असले तरी दोन महिने वजन वाढलेच नाही, तर ते त्यांना आधी दिसायला हवे. विश्वस्तांना एकूण चित्र पुरते. मुलांची नावे त्यांच्याकडे मुद्दामच दिसत नाहीत.

या एकूण चित्रानेही एकदा फसवले. दिवाळीनंतर कुपोषित मुलांचा आकडा एकदम उतरला आणि बैठकीत आनंद झाला. प्रत्यक्षात कुटुंबे वीटभट्ट्यांवर गेली होती. मुले वजनकाट्यापर्यंत आलीच नव्हती. आता प्रत्येक आकड्याशेजारी 'इतक्यांपैकी इतक्यांचे वजन झाले' अशी ओळ असते. ती कोणालाही काढता येत नाही.

बाकी मांडणी प्रत्येकाने सोयीने बदलावी. जे जास्त पाहिले जाते ते आपोआप वर आणणारी सोयही मी करून पाहिली, पण महिनाभरात बंद केली. लांबच्या पाड्यांच्या याद्या मुळातच कमी उघडल्या जात, आणि नेमक्या त्याच खाली जाऊ लागल्या. त्यामुळे सेविका, पर्यवेक्षक आणि डॉक्टर या तिघांकडेही तीव्र कुपोषित मुलांची नावे सर्वांत वर कायम ठेवली आहेत.

ताईंची पुढची तक्रार अजून शिल्लक आहे. त्यांच्या पाड्यावर एकाच नावाच्या तीन मुली आहेत, तेव्हा यादीत नावापुढे आईचेही नाव हवे. या आठवड्यात ते काम हाती घेतले आहे.