पेट्रोलची वाफ आणि विद्युत दोषांचे निदान

मे महिन्यात रायपूरचा पारा ४० अंशांच्या वर चढतो. गोल बाजारासारख्या दाटीच्या बाजारपेठेभोवती उन्हात उभ्या असलेल्या मोटारींच्या टाकीतील पेट्रोलची अशा वेळी झपाट्याने वाफ होते. इंजिन बंद असतानाही मोटार प्रदूषण करू शकते, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. पेट्रोलच्या वाफेत कर्करोगकारक बेन्झीन असते. शिवाय तिच्यातील हायड्रोकार्बनांपासून नायट्रोजन ऑक्साइड व सूर्यप्रकाश यांच्या साहाय्याने जमिनीलगत ओझोन तयार होतो.

हे टाळण्यासाठी टाकीतील वाफ सक्रिय कोळसा भरलेल्या कॅनिस्टरमध्ये साठविली जाते. इंजिन चालू असताना इलेक्ट्रॉनिक नियंत्रक पर्ज व्हॉल्व्ह उघडतो आणि ही वाफ इंजिनात जाऊन जळते. अमेरिकेतील नियमांनुसार सुमारे अर्धा मिलिमीटर छिद्रातून होणारी गळतीही मोटारीने स्वतः ओळखावी लागते. भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेली भारत स्टेज-६ मानके युरोपीय मानकांच्या धर्तीवर आहेत. युरोपीय पद्धतीत या व्हॉल्व्हचे विद्युत मंडल अखंड आहे किंवा नाही, यावर देखरेख ठेवणे ही किमान अट आहे. साहजिकच आपल्याकडील मेकॅनिकला विद्युत दोषांचे निदान येणे अधिक अगत्याचे ठरते.

संकेतांक व तपासणी

‘पी ०४४२’ हा संकेतांक लहान गळती दर्शवितो, तर ‘पी ०४४३’ पर्ज व्हॉल्व्हच्या मंडलातील दोष दर्शवितो. पहिल्यात टाकीचे झाकण व नळ्या तपासाव्यात; दुसऱ्यात तारा व जोडण्या. संकेतांक मंडल सांगतो, बिघडलेला भाग नव्हे. तो वाचताच व्हॉल्व्ह किंवा कॅनिस्टर बदलणे म्हणजे ग्राहकाचा नाहक खर्च होय.

व्हॉल्व्हची जोडणी काढून किल्ली ‘ऑन’ स्थितीत ठेवावी. पुरवठ्याच्या टोकावर सुमारे १२ व्होल्ट न मिळाल्यास फ्यूज, रिले व पुरवठ्याची तार पाहावी. नंतर किल्ली बंद करून मल्टिमीटरने व्हॉल्व्हच्या गुंडाळीचा रोध मोजावा व उत्पादकाच्या पुस्तिकेतील मूल्याशी ताडून पाहावा. अनेक मोटारींत तो २० ते ३० ओहम असतो. रोध अनंत आल्यास गुंडाळी तुटलेली असते. शून्याजवळ आल्यास ती शॉर्ट झालेली असते. गुंडाळी ठीक असल्यास बॅटरी व नियंत्रकाची जोडणी सोडवून दोहोंमधील तार अखंड आहे का आणि ती बॉडीला टेकते का, हे तपासावे. दोष अधूनमधून येत असेल, तर मीटर लावून तार हळूच हलवावी. गंजलेली पिन किंवा सैल जोडणी लगेच उघडकीस येते. नियंत्रकावर संशय सर्वांत शेवटी घ्यावा.

टाकीतील दाब मोजणाऱ्या संवेदकासाठी क्रम हाच. मात्र त्याला सामान्यतः ५ व्होल्टचा पुरवठा असतो. काम करताना ठिणगी व ज्योत दूर ठेवावी, हे सांगणे नलगे.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील युवकांनी पान्याइतकेच प्रभुत्व मल्टिमीटरवर मिळविले, तर ग्राहकाचा पैसा वाचेल आणि बाजारपेठेतील हवाही स्वच्छ राहण्यास हातभार लागेल.