गर्भाशयाची ‘सूज’ आणि अ‍ॅडिनोमायोसिस

आमच्या स्त्रीरोग विभागात येणाऱ्या अनेक भगिनींच्या हाती सोनोग्राफीचा कागद असतो आणि त्यावरील ‘बल्की युटेरस’ या दोन शब्दांनी सारे घर धास्तावलेले असते. पिशवीला सूज आहे, पुढेमागे कर्करोग होईल, तेव्हा ती एकदाची काढून टाका, अशी मागणी घेऊनच मंडळी कुसगावला येतात. या ‘सुजे’चा खुलासा देणगीदार, विश्वस्त आणि रुग्णांचे नातलग यांच्यापुढे करावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

गर्भाशयाच्या आतल्या बाजूस एक मऊ अस्तर असते. ते दर महिन्यास जाड होते व पाळीच्या वेळी रक्तावाटे बाहेर पडते. अ‍ॅडिनोमायोसिस या विकारात अशाच अस्तराच्या पेशी गर्भाशयाच्या स्नायूंच्या भिंतीत आढळतात आणि तेथेच वाढतात. भिंत जाड होते. एरवी लहानशा पेरूसारखे असणारे गर्भाशय गोल, मोठे व दुखरे होते. पाळीत अतिरक्तस्राव होतो, गुठळ्या पडतात, ओटीपोटात कळा येतात, कंबर धरते. कित्येक स्त्रियांना मात्र काहीच त्रास जाणवत नाही. हा कर्करोग नव्हे. आणि पाळी कायमची थांबली की या विकाराचा जोर बहुधा आपोआप ओसरतो. उपचारांची सारी दिशा या शेवटच्या वाक्यावर ठरते.

पूर्वी याचे निदान काढलेले गर्भाशय सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच पक्के होत असे. आता योनिमार्गे केलेल्या सोनोग्राफीत ते बरेचसे कळते. क्वचित एमआरआय करावा लागतो. ‘बल्की’चा अर्थ केवळ ‘आकाराने मोठे’ एवढाच. दोन-तीन बाळंतपणे झालेल्या स्त्रीचे गर्भाशय तसेही थोडे मोठे असते.

एका पावसाळ्यात पवन मावळातील ३४ वर्षांची एक भगिनी सासूबाईंसह आली. भाताच्या आवणीत दिवसभर चिखलात वाकून काम, अंगावरून सतत जाणे, हिमोग्लोबिन ७. “पिशवी काढली की कटकट मिटंल,” असे सासूबाईंचे म्हणणे. त्यांना स्वतःला कोणी कधी दुसरा मार्ग सांगितलाच नव्हता, त्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. डॉक्टरांनी प्रथम शिरेवाटे लोह दिले, पाळीच्या दिवसांसाठी रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या, आणि मुले दोन झालेली असल्याने गर्भाशयात संप्रेरकयुक्त साधन बसविले. (यात तांबे नसते, तरी आमच्याकडे त्याला ‘औषधाची तांबी’ हेच नाव पडले आहे.) हे साधन काही वर्षे काम देते. सुरुवातीच्या महिन्यांत मात्र थेंब थेंब रक्त जात राहते. या काळात ही भगिनी दोनदा “काढून टाका” म्हणत आली आणि दोन्ही वेळा आमच्या परिचारिकेने तासभर बसून समजूत घातली. पुढच्या आवणीला ती शेतात उभी होती.

ज्यांना हे साधन नको, त्यांना डायनोजेस्टसारख्या गोळ्या देता येतात. अपत्याची इच्छा असणाऱ्यांचा विचार अर्थातच वेगळा करावा लागतो.

औषधांनी गुण आला नाही आणि मुले झालेली असली, तर शस्त्रक्रिया हा रास्त उपाय आहे. त्याने कित्येकींची कायमची सुटका होते. आमचा विरोध घाईला आहे. गर्भाशयाबरोबर अकाली अंडाशयेही काढली, तर हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. या घाईचे विदारक दर्शन २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात घडले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. या सर्वजणींना हा विकार होता असे मुळीच नाही. पाळीमुळे पडणारा खाडा आणि कर्करोगाची घातलेली भीती हीही त्यामागे होती. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचा आदेश राज्यांना दिला.

आम्ही वाणिज्य शाखेची माणसे, म्हणून एक गोष्ट स्पष्टच मांडतो. शस्त्रक्रियेचे बिल होते. तासभराच्या समजुतीचे होत नाही. जमाखर्चात ही बाजू तोट्याचीच दिसणार. धर्मादाय रुग्णालयांच्या योजनेनुसार एकूण बिलाच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत ठेवावी लागते. या निधीतून व आपल्या देणग्यांतून आम्ही गरजू भगिनींची तपासणी, लोहाची इंजेक्शने व काही हजारांचे हे साधन यांचा खर्च भागवितो.

नातलगांना विनंती अशी, की येताना जुने सर्व कागद आणावेत आणि दोन-तीन पाळ्यांत किती दिवस व किती घड्या लागल्या, ते लिहून आणावे. पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसले किंवा दोन पाळ्यांच्या मध्येच वारंवार जाऊ लागले, तर लिहिण्यात वेळ घालवू नये, लगेच यावे. अशा वेळी अस्तराचा तुकडा तपासून पाहावा लागतो.